शेतकरी कंपन्यांच्या चेनवर व्हॅलिडेटर रिवॉर्ड किती ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर-उदगीर भागातल्या चाळीस शेतकरी उत्पादक कंपन्या मिळून गोदामातल्या सोयाबीन-तुरीच्या पावत्यांसाठी स्वतःची प्रूफ-ऑफ-स्टेक चेन उभी करत आहेत, म्हणजे सगळ्यांची मिळून एक ब्लॉकचेन नोंदवही, जिथे सभासद आपले टोकन अनामत म्हणून अडकवतात (हाच स्टेक) आणि नोंदींवर सह्या करतात. प्रत्येक कंपनीने एक नोड (नोंदी तपासून सही करणारं मशीन) चालवायचा आणि स्टेकच्या प्रमाणात वर्षाला 12 टक्के नवीन टोकन घ्यायचे, असा नियम ठरला. पण चाचणी नेटवर्कवरच तीन मोठ्या सभासदांकडे निम्म्याहून जास्त स्टेक जमला आणि आठ-दहा छोट्या कंपन्यांचे नोड बंद पडले. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की रिवॉर्ड 24 टक्क्यांपर्यंत नेला तर छोटे टिकतील का, की उलट तो कमी करून मोठ्यांची ओढ घटवावी?

मी छत्रपती संभाजीनगरहून इथेरियम आणि कॉसमॉस या खुल्या ब्लॉकचेनच्या नेटवर्कवर व्हॅलिडेटर (सही करणारे नोड) चालवतो आणि इतरांना उभे करून देतो. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकतो. दराला सध्या हात लावू नका. रिवॉर्ड स्टेकला बांधलेला आहे, ती गाठ आधी सोडा. तुमच्या चेनवर ते शक्य आहे, कारण चाळीसही जण नोंदणीकृत कंपन्या आहेत आणि एकमेकांना ओळखतात. कोणीही, कुठूनही येऊन नोड चालवू शकेल अशी खुली चेन असती तर माझं उत्तर बरंच वेगळं असतं. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी छोट्या सभासदाचा हिशेब मांडून बघू. नोडचा महिन्याचा खर्च चार हजार रुपये धरू. त्यात मशीनची झीज, दोन इंटरनेट कनेक्शन, इन्व्हर्टरची बॅटरी आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे थोडे पैसे आले. वर्षाचे झाले 48,000. ज्याचा स्टेक दोन लाखांचा, त्याला 12 टक्क्यांनी मिळतात 24,000, म्हणजे तो 24,000 ने तोट्यात. ज्याचा स्टेक चाळीस लाखांचा, त्याला मिळतात 4,80,000. खर्च तोच, 48,000. त्याच्या हातात 4,32,000 राहतात, म्हणजे निव्वळ 10.8 टक्के. आता दर 24 करा. छोट्याला 48,000 मिळतात आणि तेवढेच जातात, हातात शून्य. मोठ्याला मात्र 9,12,000 उरतात. छोटा जागेवरच राहिला आणि मोठ्याकडे पुन्हा स्टेक करायला दुप्पट पैसा आला. पुढच्या वर्षी दोघांतलं अंतर आणखी वाढणार. तुमचे आठ-दहा नोड बंद पडले ते याच हिशेबाने. त्यात कोणाचा आळस नाही.

या हिशेबात आणखी एक गोम आहे. ते 12 टक्के येतात कुठून? नवीन टोकन छापून. चाळीसही जण व्हॅलिडेटर असतील आणि सगळ्यांनी सगळे टोकन स्टेक केले असतील, तर वर्षाअखेर प्रत्येकाकडे 12 टक्के जास्त टोकन असतील आणि प्रत्येकाचा हिस्सा जिथल्या तिथे असेल. कमाई कोणाचीच झालेली नाही. नवीन टोकनचा रिवॉर्ड म्हणजे स्टेक न करणाऱ्याकडून स्टेक करणाऱ्याकडे वळवलेलं मूल्य. तुमच्याकडे स्टेक न करणारे कोण असतील, तर अडचणीमुळे टोकन मोकळे ठेवावे लागलेले छोटे सभासद. खरा पैसा फक्त पावती करताना जी फी लागते तिच्यातूनच येणार, आणि वाटणीचा विचार त्या फीपासून सुरू व्हायला हवा.

मग मोठ्या खुल्या नेटवर्कवर हे कसं चालतं, असं तुम्ही विचाराल. तिथे अडचण अशी की पडद्यामागे कोण आहे ते कळत नाही. छोट्या स्टेकला रुपयामागे जास्त मोबदला द्यायचा ठरवलं, की मोठा माणूस आपल्या स्टेकचे शंभर तुकडे करून शंभर बेनामी व्हॅलिडेटर उभे करतो आणि छोट्यांसाठी ठेवलेला मोबदला तोच घेऊन जातो. म्हणून खुल्या चेनला स्टेकच्या प्रमाणातच द्यावं लागतं आणि केंद्रीकरण दुसऱ्या वाटांनी रोखावं लागतं.

इथेरियमवर दर ठरलेला नसतो. एकूण स्टेक चौपट झाला की दर निम्मा होतो. त्यामुळे नेटवर्क लहान असताना लोक ओढले जातात आणि पुरेसे जमल्यावर नवीन टोकनचा भार आटोक्यात राहतो. तुम्हाला दराचं सूत्र हवंच असेल तर ठरावीक टक्क्यांपेक्षा हे बरं. पण मोठा आणि छोटा यांच्यातलं अंतर याने कमी होत नाही, उलट दर जसा उतरतो तसा ठरलेला खर्च छोट्याला जास्त टोचतो. एका व्हॅलिडेटरला 32 ईथर (इथेरियमचे टोकन) लागतात. तेवढे नसलेले लोक स्टेकिंग सेवांकडे जातात, आणि त्यामुळेच लिडो या एकाच सेवेकडे एके काळी एकूण स्टेकचा जवळपास तिसरा हिस्सा गेला होता. आपणच आपल्यावर मर्यादा घालावी का, असा प्रस्ताव 2022 मध्ये लिडोच्या टोकनधारकांपुढे आला आणि त्यांनी तो प्रचंड बहुमताने फेटाळला. सत्ता एकदा गोळा झाली की ती सोडण्यासाठी मतदान घेऊन उपयोग होत नाही, म्हणून मर्यादा सुरुवातीच्या नियमांतच असावी लागते.

कार्डानो या दुसऱ्या चेनने पूलच्या, म्हणजे अनेकांचा स्टेक एकत्र घेणाऱ्या व्हॅलिडेटरच्या, आकारावर मर्यादा घातली. पूल ठरावीक आकाराच्या पुढे गेला की त्याचा परतावा घटतो, आणि डिसेंबर 2020 पासून ही मर्यादा साधारण 500 पूल असावेत अशा बेताने ठेवलेली आहे. कल्पना चांगली, पण मोठ्यांनी एकापेक्षा जास्त पूल काढले आणि मर्यादेच्या बाजूने निघून गेले. त्यांच्याकडे प्रत्येक पूलसाठी किमान ठरावीक खर्च कापण्याचा नियमही होता, दर पाच दिवसांच्या टप्प्याला (इपॉकला) 340 अडा, म्हणजे तिथले टोकन. एखाद-दुसराच ब्लॉक (नोंदींचा गठ्ठा) मिळणाऱ्या लहान पूलमधून एवढी रक्कम आधीच गेली की डेलिगेट करणाऱ्यांच्या, म्हणजे आपला स्टेक पूलकडे सोपवणाऱ्यांच्या, वाट्याला कमी येणार, मग ते मोठ्या पूलकडे जाणार. 2023 मध्ये तो आकडा 170 वर आणला. ठरलेला खर्च विकेंद्रीकरण कसा पोखरतो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तुमच्या सगळ्यात जवळची पद्धत पोल्काडॉट या चेनची. तिथे निवडून आलेल्या व्हॅलिडेटरला मोबदला केलेल्या कामाच्या गुणांवर मिळतो, त्याच्यामागे किती स्टेक आहे यावर नाही. सारखं काम, सारखे पैसे. त्यामुळे कमी स्टेक असलेल्या व्हॅलिडेटरला पाठिंबा देणाऱ्याला जास्त परतावा मिळतो आणि स्टेक आपोआप पसरतो. खुल्या चेनवर त्यासाठी गुंतागुंतीची निवडणूक पद्धत लागते. तुम्हाला तीही नको, कारण बेनामी नोड शोधायला तुमच्याकडे कंपनीची कागदपत्रं आणि संचालकांची यादी आहे.

म्हणून माझा सल्ला: चाळीस कंपन्या, चाळीस जागा, प्रत्येक जागेला एक मत. हे तुमच्या सभासदांना नवीन वाटणार नाही. शेतकरी सभासद असलेल्या उत्पादक कंपनीत कायद्यानेच प्रत्येक सभासदाला एक मत असतं, शेअर कितीही असोत. कंपनीत जो नियम चालतो तो चेनवर का मोडायचा? जागा विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, एवढं नियमांत स्पष्ट लिहा. आणि एकाच कुटुंबातले किंवा एकाच व्यापाऱ्याच्या पैशावर चाललेले संचालक दोन कंपन्यांत असतील तर त्या दोघींची मिळून एकच जागा धरा. हे काम सॉफ्टवेअर करणार नाही. वर्षातून एकदा संचालकांच्या याद्या समोर घेऊन बसावंच लागेल, आणि गावपातळीवर कोणाचा कोण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

जागा विकता येऊ नये यावर मी एवढा अडून का बसतोय, तर जूनमुळे. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर बी-बियाणं आणि खताला रोख लागते आणि हात तेव्हाच सगळ्यात रिकामे असतात. टोकन विकता येत असेल आणि टोकन म्हणजेच मत असेल, तर छोटी कंपनी मृग निघताना टोकन विकणार आणि ज्याच्याकडे तेव्हा रोख असते तो आडत्या किंवा गोदामवाला विकत घेणार. दोन-तीन खरिपांत नेटवर्क त्यांच्या ताब्यात जाईल. कोणी कट केला नाही, नियम मोडला नाही, तरी जाईल. रिवॉर्डचा कोणताही दर हे थांबवू शकत नाही. कॉसमॉस हबसारखी स्टेक सोडवायला 21 दिवस लावणारी अट इथे उलटी पडते, कारण पैसे हातात यायच्या आत पेरणी उरकलेली असते आणि सभासद अडचणीत येऊन आणखी स्वस्तात सौदा करतो.

आता सुरक्षेचा आकडा. या जातीच्या सहमती पद्धतीत ब्लॉक पक्का व्हायला दोन तृतीयांशाहून जास्त मतं लागतात. चाळीसांत 27 सह्या हव्यात, म्हणजे एका वेळी 13 नोड बंद किंवा बिघडलेले असले तरी चेन चालते. चौदावा गेला की थांबते. आजच्या तुमच्या स्टेकच्या मतांवर मात्र ते तिघं मिळून कधीही चेन थांबवू शकतात, कारण त्यांच्याशिवाय दोन तृतीयांश भरतच नाहीत. जागेनुसार मत केलं की हा धोका तिथल्या तिथे संपतो.

पण चाळीस जागा म्हणजे चाळीस वेगळे नोड, असं मात्र गृहीत धरू नका, आणि माझ्या मते तुमचा खरा धोका इथेच आहे. मी जिथे जिथे अशी ओळखीच्या संस्थांची नेटवर्क पाहिली, तिथे सहा महिन्यांत एकच चित्र दिसतं: सगळ्यांचे नोड सांभाळणारा एकच हुशार मुलगा, सगळ्यांच्या साइनिंग की (सही करायच्या गुप्त किल्ल्या) त्याच्याच लॅपटॉपवर, आणि सगळे नोड मुंबईतल्या एकाच क्लाउडवर, कारण ते त्याला सोयीचं. कागदावर चाळीस व्हॅलिडेटर, प्रत्यक्षात एक. नोव्हेंबर 2022 मध्ये हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीने सोलाना या चेनचे नोड बंद केले तेव्हा नेटवर्कचा सुमारे पाचवा हिस्सा स्टेक एकदम ऑफलाइन गेला. तिथे नोड शेकडो होते, छत एकच होतं. मे 2023 मध्ये इथेरियमवर दोन दिवस लागोपाठ थोडा वेळ ब्लॉक पक्के होणं थांबलं, ते काही क्लायंट सॉफ्टवेअरवर (नोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर) एकदम ताण आल्यामुळे. दुसरे क्लायंट चालू होते म्हणून नेटवर्क लवकर सावरलं.

त्यामुळे तुमच्या नियमांत तीन गोष्टी मोजा: एका व्यक्तीकडे किती साइनिंग की आहेत, एका क्लाउडवर किती नोड आहेत, आणि एका वीज उपकेंद्रावर किती नोड आहेत. कोणताही आकडा दहाच्या पुढे जाऊ देऊ नका. तेराची मर्यादा आहे, पण रोजच्या बिघाडासाठी दोन-तीनची जागा मोकळी लागते. गावातला नोड गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या, एवढं जरी लिहून ठेवलंत तरी पुष्कळ कळेल. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात मशीन ठेवू नका. पंखा लावलेलं मशीनसुद्धा दुपारी तापून स्वतःहून बंद होतं.

इथे रिवॉर्ड आणि विकेंद्रीकरण यांचा एक धागा सहसा सुटतो. बहुतेक जण उत्साहात अपटाइमची, म्हणजे नोड किती वेळ चालू राहावा याची, अट 99.9 टक्के ठेवतात. परिणाम काय, तर औसा किंवा निलंग्यात इन्व्हर्टरवर नोड चालवणारा ती कधीच पूर्ण करू शकत नाही आणि निमूटपणे क्लाउडवर जातो. कडक अट लावून तुम्ही स्वतःच सगळ्यांना एका छताखाली ढकलता. चाळीसही नोड प्रत्येकी 92 टक्के वेळ चालू असतील आणि त्यांचे बिघाड एकमेकांशी जोडलेले नसतील, तर कोणत्याही क्षणी सरासरी तीनेक नोड बंद असतील. चेन थांबायला चौदा लागतात. म्हणून 90 टक्क्यांवर पूर्ण मोबदला द्या, खाली त्या प्रमाणात कापा आणि वेगळा दंड लावू नका. कॉसमॉस हबवरही खूप वेळ बंद राहिलेल्या व्हॅलिडेटरच्या स्टेकचे फक्त 0.01 टक्के कापले जातात. इथेरियमवर नेटवर्क नीट चालू असताना बंद राहिलात तर त्या वेळात जेवढं मिळालं असतं जवळपास तेवढंच वजा होतं. दोन तास वीज गेली म्हणून कोणी बुडत नाही.

बुडतो तो दोनदा सही करणारा. कॉसमॉस हबवर त्याला 5 टक्के दंड आहे आणि तो व्हॅलिडेटर कायमचा बाद होतो. आपल्या भागात हे कसं होतं ते सांगतो, कारण तुमच्याकडे हे नक्की होणार. दुपारी वीज जाते, इन्व्हर्टर संपतो, नोड पडतो. सांभाळणारा घाबरून त्याच की क्लाउडवरच्या राखीव मशीनवर टाकून ते सुरू करतो. तासाभराने वीज येते. ऑफिसातलं मशीन वीज येताच आपोआप सुरू व्हावं अशीच सेटिंग केलेली असते, ते सुरू होतं आणि जुन्या माहितीवरून सही करायला लागतं. दोन मशीन, एक की, त्याच क्रमांकाच्या ब्लॉकवर दोन वेगळ्या सह्या. चोरीचा हेतू नाही, पण चेनला हेतू कळत नाही. उपाय साधे आहेत. नोडची सेवा आपोआप सुरू होऊ देऊ नका, मशीन सुरू झालं तरी सही करणारा भाग माणसाने हाताने सुरू करावा. राखीव मशीनवर की आधीपासून ठेवू नका. आणि शेवटची सही कुठवर झाली त्याची नोंद असलेली फाइल कीसोबत हलवल्याशिवाय दुसरीकडे सुरू करू नका. सगळ्यात मोठा उपाय म्हणजे घाई न करणं. दोन तास बंद राहणं स्वस्त आहे, हे प्रत्येक ऑपरेटरला पहिल्याच दिवशी समजावून सांगा. दुहेरी सहीचा दंड पहिल्या वेळी हलका ठेवा, पण एकाच वेळी अनेक नोडकडून ती झाली तर जबर ठेवा. इथेरियमची कल्पना अशीच आहे: त्याच सुमारास आणखी किती स्टेक दोषी ठरला त्याच्या तिप्पट हिश्शाने दंड वाढतो. एकट्याची चूक चूक मानली जाते, पण तिसरा हिस्सा एकदम चुकला तर सगळा स्टेक जातो.

आता प्रत्यक्ष वाटणी. मी असतो तर फीच्या जमा रकमेतले 70 टक्के चाळीस जागांना समान दिले असते, सह्यांच्या हजेरीनुसार. 20 टक्के राखीव. उरलेले 10 टक्के ठेवीच्या प्रमाणात, कारण ज्याने जास्त अनामत अडकवली त्यालाही काही मिळायला हवं, पण त्यातही कोणाला सरासरीच्या तिपटीहून जास्त नको. हे आकडे सुरुवातीचे आहेत. एका हंगामाची फी हातात आल्यावर ते हलवावे लागतील. एक कसोटी मात्र हलवू नका: सगळ्यात छोट्या सभासदाचा वर्षाचा नोडखर्च त्याच्या समान हिश्शातून भागला पाहिजे. भागत नसेल तर फी वाढवा, किंवा जागा चाळीसवरून 25 करा आणि बाकीच्यांना आळीपाळीने बसवा. चाळीस अर्धपोटी नोडपेक्षा पंचवीस धड चालणारे बरे. फक्त मग मर्यादा तेरावरून आठवर येते आणि वरचे दहाचे आकडे पाच-सहावर आणावे लागतात.

वाटणी हंगामानुसार करू नका. तुमची फी सोयाबीन येईल तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि मग तूर येईल तेव्हा जानेवारीपासून जमा होणार. एप्रिल ते सप्टेंबर पावत्या जवळपास नसतील, पण गोदामातला माल आणि त्यावरच्या नोंदी तशाच असतील, आणि नोड तेव्हाही चालायला हवेत. मोबदला जमेनुसार दिलात तर छोटे उन्हाळ्यात नोड बंद करतील. हंगामाचं जमा बाजूला काढून बारा सारखे हप्ते करा. जूनचा हप्ता मेअखेर दिलात तर आणखी चांगलं.

मोबदल्याचा मोठा भाग रुपयांत, बिल घेऊन द्या. टोकनमध्ये दिलात की आभासी मालमत्तेचे नियम लागतात: 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. छोट्या कंपनीच्या लेखापालाला या फंदात पाडू नका. बिलावर जीएसटी कसा लागेल ते तुमच्या सीएकडून लेखी घ्या. आणि चेनवरची पावती ही तुमच्यातली नोंद आहे हे सभासदांना स्पष्ट सांगा. बँकेकडे तारणासाठी गोदाम प्राधिकरणाच्या व्यवस्थेतली इलेक्ट्रॉनिक पावती वेगळी लागते.

त्या तीन मोठ्या सभासदांना बाहेर काढा असं मी म्हणत नाही. त्यांची गोदामं नसतील तर चेनवर टाकायला मालच नसेल. त्यांना फायदा गोदाम भाड्यातून आणि जलद व्यवहारातून मिळू द्या, सहीच्या ताकदीतून नको. हे बोलणं चेन सुरू व्हायच्या आत, चाळीसही जण समोर असताना करा, कारण मेननेटवर (खऱ्या, चालू चेनवर) एकदा स्टेकनुसार मतं सुरू झाली की हा बदल करायलाच त्या तिघांची मतं लागतील.

पुढे जायचं असेल तर मला तीन गोष्टी पाठवा: चाळीस नोडची यादी (त्यांत की कोणाकडे, क्लाउड कोणता, वीज कुठल्या उपकेंद्राची), गेल्या हंगामात साधारण किती पावत्या झाल्या, आणि सगळ्यात छोट्या कंपनीचा नोडचा खरा महिन्याचा खर्च. कंपन्यांची नावं काढून इथेच टाका. पावतीमागे फी किती लागेल हे त्या माहितीवरून काढता येईल, आणि दराबद्दल मग बोलू.